बेचाळिसावं शीर्षक

गाबोरोन,
४ मे २०१५

प्रिय मामा,

तुमची एकेचाळीस गाणी वेबसाइटवर जाऊन आठ महिने झाले आणि आता तक्रारी यायला लागल्या आहेत. तक्रारी कोणाच्या, तर तुमच्याच गायनमंडळातल्या बायकांच्या. म्मा सेआबेलोंचा काल फोन आला होता. म्हणाल्या, "अगं केफिल्वे, ऑगस्टमध्ये मंडळाची पन्नाशी आहे. तेहतिसावं गाणं बसवायचंय. तिथवर पोचेपर्यंत माझा अंगठा सुजतो. तुझ्या मामाला थोडक्यात लिहिता येत नाही का?"

सगळी गाणी एकाच पानावर हवीत, हा हट्ट तुमचा. आणि गाणं कमी, गाण्याखालची तुमची टिपणंच जास्त. कोणतं गाणं कोणत्या साली बसवलं, कोणाचा आवाज फाटला, कोणत्या गावच्या स्पर्धेला जाताना ट्रक बंद पडला. मी तक्रार करत नाहीये. पान मजेदार आहे. पण लांबलचक आहे.

तर मी असं योजलंय. प्रत्येक गाण्याच्या नावाआधी ## असे दोन हॅश द्यायचे, हे मी तुम्हाला शिकवलं होतं. तुम्ही शाळामास्तर, एका जागी विसरला नाहीत. मी एक छोटासा प्रोग्राम लावते. पान वर चढवण्याआधी तो ते सगळं वाचेल, दोन हॅशवाली प्रत्येक ओळ उचलेल आणि पानाच्या डोक्यावर अनुक्रमणिका मांडून ठेवेल. नावावर बोट ठेवलं की थेट त्या गाण्यावर. आपलं पान साधंच राहील, मोरेत्ल्वा गावच्या अर्ध्यामुर्ध्या नेटवर्कमध्ये आत्तासारखंच उघडेल. उद्या तुम्ही नवं गाणं घातलंत तर तेही यादीत आपोआप येईल.

फक्त हो म्हणा.

तुमची भाची,
केफिल्वे


मोरेत्ल्वा,
९ मे २०१५

प्रिय केफिल्वे,

नको.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण इथे ग्रंथालयात संगणकासाठी अर्धा तास मिळतो आणि म्मा कोबे घड्याळ लावून बसते. उरलेल्या वेळात कारणं देतो.

एक, आमचं मंडळ ज्या क्रमाने गाणी शिकलं त्याच क्रमाने ती वाचायला हवीत. मधूनच उडी मारणं म्हणजे जोंधळ्याची लापशी रटरटत असताना झाकण काढून चमचा घालणं. दोन, म्मा सेआबेलोचा अंगठा. पन्नास वर्षं तिने त्या अंगठ्याने तपकीर ओढली, तेव्हा नाही सुजला. तीन, यंत्राने माझी गाणी उचलून कुठे मांडावीत हे मला पटत नाही. माझ्या शाळेत मुलं हजेरीला उभी राहायची तीही मी सांगेन त्याच ओळीत.

हसू नकोस. मी गंभीरपणे लिहितोय. पान आहे तसं राहू दे. खालपर्यंत कोणी जात नसेल तर न जावो. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

परवा मी गुरांच्या तळावर चाललोय. विहिरीचा पंप बिघडलाय आणि गुराखी सांगतो त्यातलं अर्धं खोटं असतं. तिथे नेटवर्क नाही हे तुला माहीत आहेच. दोन-तीन आठवडे लागतील. मी परत येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.

तुझा मामा,
मोलेफी


गाबोरोन,
१५ मे २०१५

प्रिय मामा,

हे पत्र तुम्ही तळावरून परत आल्यावर वाचाल, म्हणून आत्ताच माफी मागून ठेवते. अनुक्रमणिका लावली.

तुमची कारणं मी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मामांना स्वतःच्या नावाची एवढी मोठी यादी बघून लाज वाटत असेल." मी म्हटलं, माझ्या मामाला स्वतःच्या नावाची लाज? ओळखलं नाहीस तू त्यांना अजून.

काम तासाभरात झालं. पाच-सहा नावांवर बोट ठेवून पाहिलं, बरोबर जातंय. म्मा सेआबेलोंना कळवलं, त्यांनी लगेच साऱ्या मंडळाला कळवलं. 'डोंगरापलीकडला दिवा' चौथ्या क्रमांकावर आहे. पुढच्या पिढीला तुमचं ते एक गाणं सापडलं तरी पुरे.

एक किरकोळ गोष्ट. तुमची गाणी एकेचाळीस आणि प्रोग्राम मोजतोय बेचाळीस. मोबाइलवर यादी अर्धीच दिसते, म्हणून शेवटपर्यंत पाहिली नाही. तुम्ही कुठेतरी चुकून दोन हॅश दिले असणार. ऑफिसची गाडी खाली उभी आहे. सोमवारी बघून काढून टाकते.

तळावर थंडी असेल. कान झाका.

केफिल्वे


गाबोरोन,
१८ मे २०१५

मामा,

बेचाळिसावं वाचलं.

तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला आठवत असेलच, तरी उतरवून पाठवते. कारण शनिवार-रविवारमध्ये ते माझ्याआधी अख्ख्या मोरेत्ल्वाने वाचलंय.

"ओनालेन्नाचं गाणं, जे मी माझं म्हणवलं. चौथ्या क्रमांकावरचं 'डोंगरापलीकडला दिवा' माझं नाही. शब्द आणि चाल दोन्ही माझी धाकटी बहीण ओनालेन्ना हिची. १९७९ साली चर्चच्या मंडळीने तिला बाजूला काढलं होतं, म्हणून कागदावर तात्पुरतं माझं नाव घातलं. ते मी नंतर काढलं नाही. ती २०११ साली गेली."

आठ महिने हे पान मीच चढवत होते. माझ्या आईबद्दलचा मजकूर माझ्याच हातून वर गेला आणि मी तो वाचला नव्हता. तुम्ही फाइल पाठवायचात, मी न वाचता चढवायचे. मामाची जुनी टिपणं, त्यात काय वाचायचं, असं मला वाटायचं. याची मला लाज वाटते आणि तुमचीही वाटते. आत्ता या दोन्ही वेगळ्या करता येत नाहीयेत.

तिला बाजूला काढलं ते कशापायी, हेही लिहायचं होतंत. माझ्यापायी. मी १९८० च्या मार्चमध्ये जन्मले. बोटांवर मोजता येतं.

यादी मी काढलेली नाही. काढू का, असं तुम्हाला विचारणारही नाही.

केफिल्वे


मोरेत्ल्वा,
२ जून २०१५

प्रिय केफिल्वे,

मी काल परतलो. ट्रकमधून उतरलो तेव्हा दुकानासमोर चार माणसं बसली होती. एरवी त्यांनी गुरांची विचारपूस केली असती, पंपाची केली असती. काल नुसता "ड्युमेला, रा" असा नमस्कार केला आणि चौघांनाही एकदमच आपापल्या बुटांकडे बघावंसं वाटलं. आज ग्रंथालयात आलो तर म्मा कोबेने मला संगणक दिला, घड्याळ लावलं नाही आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. तेव्हाच मला कळलं. तुझी दोन्ही पत्रं त्यानंतर वाचली.

तू चुकली नाहीस. नको म्हणालो त्याचं खरं कारण मी दिलं नव्हतं. "शेवटचं तेवढं काढून टाक" असं तुला लिहायला मी दोनदा बसलो. पण तसं लिहिलं असतं तर काढण्याआधी तू ते वाचलंच असतंस.

तू विचारशील, मुळात लिहिलंच कशाला. ओनालेन्नाच्या दफनापासून ते मला कोणाला तरी सांगायचं होतं. तोंडाने सांगण्याची हिंमत नव्हती. मग वाटलं, एकेचाळीस गाण्यांच्या खाली, जिथे कोणाचा अंगठा पोचत नाही, तिथे लिहून ठेवावं. लिहिलं असं होईल आणि कोणी वाचलंही नाही असं होईल. माझ्यासारख्या माणसाला अशी जागा फार सोयीची वाटते. आणि त्यातही बघ. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं की शीर्षकाशिवाय परिच्छेद लिहायचा नाही. लपवायचा मजकूरसुद्धा मी शीर्षक देऊन लपवला, वर दोन हॅश दिले.

त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. मंडळीचा नियमच तसा होता. लग्नाआधी पोट दिसलं की मुलीला प्रभुभोजन बंद, गायन बंद, मागचा बाक. तिच्या नावाचं गाणं पाळकांनी उपासनेत म्हणूच दिलं नसतं. गाणं चांगलं होतं. ओनालेन्ना स्वतः म्हणाली, "तुझं नाव घाल." हे खरं आहे.

माझ्यावर राग धर, पण मला उत्तर पाठव.

तुझा मामा,
मोलेफी


गाबोरोन,
४ जून २०१५

मामा,

ती तसं म्हणाली असेल. एकोणीस वर्षांची होती, पोटात मी होते, भाऊ शाळेत मास्तर आणि मंडळाचा प्रमुख. दुसरं काय म्हणणार होती?

मी म्मा सेआबेलोंना फोन केला. त्या आधी बोलायलाच तयार नव्हत्या. "तुझ्या मामाला विचार, मी घरातल्या भांडणात पडत नाही," असं तीनदा म्हणाल्या. मग मी विचारलं, बाजूला काढल्यावर आईचा गायनमंडळाचा पोशाख घरातून कोणी नेला? त्यांनी लगेच फोन ठेवला. तेव्हा मी ओळखलं.

माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मामा म्हणून तुम्ही सगळ्यांच्या पुढे बसला होतात. माझ्या वतीने पहिला शब्द तुमचा होता. लग्नात मंडळाने 'डोंगरापलीकडला दिवा' म्हटलं, पाहुण्यांनी उठून तुमचे हात हातात घेतले. आई मागे चुलाणावर मटणाच्या हंड्यांपाशी होती. मी तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "हात बरबटलेत गं, तुम्ही ऐका."

तुमच्या पत्रातलं जे खरं आहे ते मी वाचलं. जे लिहिलेलं नाही ते लिहा.

केफिल्वे


मोरेत्ल्वा,
२० जून २०१५

प्रिय केफिल्वे,

सोळा दिवस घेतले. आजारी नव्हतो. भित्रा आहे.

पोशाख मीच नेला. प्रमुख मी होतो, नियम पाळायचा तर घरातूनच सुरुवात व्हायला हवी असं मी चर्चच्या वडीलमंडळींना म्हणालो आणि तसं म्हणताना मला स्वतःचा अभिमानही वाटला. पांढरा झगा, जांभळा पट्टा. तिने तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दिला. त्याच घडीत गाण्याचा कागद होता. तो तिने मला दिला होता की चुकून राहिला होता, हे मी कधी विचारलं नाही. "तुझं नाव घाल" असं ती म्हणाली ते त्यानंतर आठवड्याने, जेव्हा मी गाणं पाळकांना आधीच दाखवून बसलो होतो.

पहिल्यांदा ते म्हटलं त्या रविवारी ती मागच्या बाकावर होती. तिच्या जागी जी मुलगी घेतली होती तिला खालची पट्टी झेपेना. दुसऱ्या कडव्यात खालचा आवाज भरून आला आणि मला वाटलं, चला, जमलं हिला. मग लक्षात आलं की तो आवाज मागून येतोय. ओठ न हलवता, नुसतं गुणगुणत. मंडळीतल्या प्रत्येकाला तो ऐकू आला असणार. मी मागे वळून पाहिलं नाही.

शेवटही मी बदलला. तिचा शेवट खाली उतरायचा, दिवा बारीक करत न्यावा तसा. मी तो वर नेला, कारण स्पर्धेत वर चढलेल्या शेवटाला टाळ्या पडतात. पडल्याही. गाणं तीनदा शाळांच्या स्पर्धेला लागलं, ते माझ्या शेवटासकट.

तू पाचवीत असताना ती एकदा माझ्याकडे आली होती. मंडळीने तिला परत घेऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. म्हणाली, "आता माझं नाव घालायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, "आता लोक हसतील." तिने विचारलं, "कोणाला?" मी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. ती चहा पिऊन गेली. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणायचो.

हे सगळं. आता लपवलेलं काही राहिलं नाही.

दोन ऑगस्टला पन्नाशीचा कार्यक्रम आहे. त्यात माझा सत्कार ठरलाय, घोंगडी पांघरवणार आहेत. ती मी घेणार नाही. गाण्याआधी उभा राहून तोंडाने सांगणार आहे. पाटी लावून कोपऱ्यात लिहून ठेवण्याला सांगणं म्हणत नाहीत. तू ये. पुढच्या बाकावर बस. तुझ्यासमोर बोलेन.

तुझा मामा,
मोलेफी


मोरेत्ल्वा,
३ ऑगस्ट २०१५

प्रिय केफिल्वे,

तू आली नाहीस. पोराला ताप आहे असा निरोप मिळाला. तो खरा असेल तर त्याला सांभाळ. खरा नसेल तरी मला तक्रार करायला तोंड नाही. तुझा राग मी समजू शकतो.

काय झालं ते सांगतो. मी उभा राहिलो. कागद नेला नव्हता. म्हणालो, "चौथं गाणं माझ्या बहिणीचं आहे. ओनालेन्नाचं. मी तिचा पोशाख नेला, मग गाणं नेलं, मग शेवट मोडला. छत्तीस वर्षं टाळ्या घेतल्या." यापुढे काय बोलायचं ठरवलं होतं ते विसरलो. कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना, तेव्हा मला वाटलं, बरोबर, वेबसाइटवर वाचून बसलेत.

मग गाणं सुरू केलं. शेवटच्या ओळीला मी नेहमीसारखा हात वर नेला. सवयीने गेला. आणि बायका खाली उतरल्या. सगळ्याजणी, एकदम, एकीचाही सूर न चुकता. मी त्यांना तो शेवट कधी शिकवलेला नाही. माझा हात वर आणि गाणं खाली, असा मी सगळ्या मंडळीसमोर उभा होतो.

बाहेर आल्यावर मी म्मा सेआबेलोला विचारलं, "हा शेवट तुम्हाला कुठून आला?"

ती म्हणाली, "कुठून म्हणजे? ओनालेन्नाने शिकवलेला. सार्वजनिक नळावर, तुझ्या हाती तो कागद पडायच्या दोन महिने आधी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मोलेफी, तुला सोडून सगळ्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. ती जिवंत होती तोवर रोज वाटायचं, आज बोलेल. मग ती गेली. मग तू म्हातारा झालास, आणि म्हाताऱ्या माणसाचे आता कुठे कपडे उतरवायचे, असं वाटलं." मग तिने पिशवीतून तपकिरीची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. रडायचं असेल तर निमित्त होईल."

मला वाटायचं, मी गावापासून लपवतोय. गाव माझ्यापासून लपवत होतं. स्पर्धा जिंकून आलो की ह्याच बाया वेशीवर गात सामोऱ्या यायच्या आणि मी ट्रकमध्ये उभा राहून हात हलवायचो. ते आठवलं की अंगावर घोंगडी ओढून आत बसावंसं वाटतं. आज तेच करतोय.

चौथ्या गाण्याखालचं माझं नाव काढ. शेवट म्मा सेआबेलोकडून सुरावटीसकट उतरवून घेतलाय, सोबत जोडतो.

मोलेफी


गाबोरोन,
९ ऑगस्ट २०१५

प्रिय मामा,

नाव बदललं. शेवटही बदलला. आता तिथे आईचं नाव आहे.

पोराला ताप नव्हता. पण मी रागाने आले नाही असं समजू नका. राग जूनपर्यंत होता. तुमचं वीस जूनचं पत्र आलं त्या दिवसापासून राग धरायला मला जागाच उरली नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मी पंधरा वर्षांची होते. आमच्या शाळेने ते गाणं स्पर्धेला घेतलं होतं. माझा मामा गीतकार म्हणून बाईंनी मला पहिल्या रांगेत उभं केलं. दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या, अंगणात बसून आम्ही तालीम करत होतो. आई उखळात जोंधळे कांडत होती आणि कांडता कांडता आमच्याबरोबर गुणगुणायला लागली. शेवटाला आम्ही वर गेलो, ती खाली गेली. मैत्रिणी हसल्या. मला इतकी लाज वाटली, मामा. शाळा अर्ध्यात सोडलेली आई, त्यात कपाळावर भुसा, त्यात मैत्रिणींसमोर चुकीचं गाते.

मी म्हणाले, "आई, शेवट चुकतोय. मामाचं गाणं आहे, निदान नीट तरी म्हण."

तिने मुसळ खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. म्हणाली, "बरं. तू शिकव."

आणि मी शिकवलं. मास्तरणीसारखी उभी राहून, हात वर नेऊन. पहिल्यांदा तिचा सूर खालीच गेला, दुसऱ्यांदा मध्येच अडकला, तिसऱ्यांदा बरोबर वर गेला. मी तिला शाबास म्हटलं. तेव्हापासून मरेपर्यंत आमच्या घरात तिने ते गाणं तसंच म्हटलं, मी शिकवलं तसं. दवाखान्यातसुद्धा.

तुम्ही गाणं घेतलंत तेव्हा तिच्यापाशी निदान शेवट उरला होता. तो मी काढून घेतला.

पुढच्या बाकावर बसून तुम्हाला ऐकायला मी कोणत्या तोंडाने येणार होते?

आज हे सगळं पानाच्या तळाशी, तुमच्या मजकुराखाली लिहिलं. आधी ठरवलं होतं की वर हॅश द्यायचे नाहीत, म्हणजे यादीत येणार नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ते तसंच ठेवलं होतं. मग दिले. त्रेचाळिसावं शीर्षक असं आहे: मी आईला तिचं गाणं शिकवलं.

पान वर चढवलं आहे.

केफिल्वे